दोघांची पाटी

"आपा, एकदा तरी सेंड दाबा की," कलीम मागे येऊन उभा राहत म्हणाला.

अख्तरीबाईंनी चष्म्याच्या वरून त्याच्याकडे पाहिलं. "काय दाबू?"

"सेंड. तुम्ही येता, मेल उघडता, वाचता, पुसता, दुसरं लिहिता अन् निघून जाता. पाठवत कधीच न्हाई. असं कुणी करतं का?"

"पाटी कुणी पोष्टात टाकतं का रे?"

एरवी या बोलण्यावर कलीम हसला असता. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत तो अख्तरीबाईंच्या ओसरीवर पाढे म्हणायला बसायचा आणि साताच्या पाढ्यात हमखास अडकायचा. बाई तेव्हा लातूर जिल्ह्यात झेडपीच्या मराठी शाळेवर होत्या. सुट्टीत नांदेडला आल्या की देगलूर नाक्याजवळच्या या गल्लीतली पोरं गोळा करून बसत. निवृत्त झाल्यावर त्या कायमच्या इथे आल्या. कलीमने तोवर वडिलांचं सायकलचं दुकान मोडून नेट कॅफे काढला होता.

आज तो हसला नाही. रस्त्यावर कोणी आहे का ते त्याने मान लांब करून पाहिलं आणि स्टूल ओढून बाईंच्या शेजारी बसला.

दुकानात आडोसा राहिला नव्हता. मोठ्या शहरांत स्फोट झाले, तेव्हापासून वरून सांगणं येत गेलं. आधी प्रत्येक गिऱ्हाइकाचं ओळखपत्र बघायचं ठरलं. मग केबिनची प्लायवूडची दारं काढायला लावली. बिजागऱ्यांची भोकं तेवढी लाकडात उरली होती. मग एक माणूस येऊन काहीतरी बसवून गेला, आणि कलीमच्या काउंटरवरच्या पडद्यावर दुकानातली सगळी मशीनं छोट्या छोट्या चौकटींत दिसू लागली. कोण काय लिहितंय, काय वाचतंय, सगळं तिथे.

"पोलिसांनी आम्हा कॅफेवाल्यांना बोलावलं होतं," कलीम हळू आवाजात म्हणाला. "सांगितलं, एकच मेल दोघांत वापरणारे लोक असतात. एक हितं लिहून ठेवतो, दुसरा दुसऱ्या गावात उघडून वाचतो अन् पुसतो. पाठवतच न्हाईत, म्हणून मधी कुठं सापडत न्हाई. बॉम्बवाले तसं करतात म्हणं. असं कुणी दिसलं की कळवा."

"बरं मग?"

"मग काय आपा? तुम्ही तेच करून राहिल्यात."

अख्तरीबाई पडद्याकडे बघत राहिल्या. तिथे लातूरहून लिहून ठेवलेली एक ओळ होती. *बाई, काल पुन्हा हाक ऐकू आली. वर्ग चालू होता.*

"तू कळवलंस?"

"मी कशाला कळवू? पण त्या चौकटींचे आपोआप फोटो निघतात, अन् ते चौकीवर द्यावे लागतात." कलीमने तोंडावरून हात फिरवला. "आपा, माझं नाव कलीम हाय. माझ्या दुकानात काही निघालं तर मला आधी विचारणार न्हाईत, आधी नेणार."

 बाईंनी ती ओळ पुसली आणि एका बोटाने सावकाश टाइप केलं, *जेवलास?* मग पाठवायचं बटण न दाबताच त्या उठल्या.

ही पाटी पंधरा वर्षांपूर्वीची होती. भूकंपानंतर, त्यांची शाळा होती त्या तेरणेकाठच्या गावात दगडावर दगड राहिला नव्हता, आणि शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरत होती. जी मुलं उरली होती ती येत. रामकिशन नावाचा एक शेतकरी आपल्या पुतण्याला घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, ह्यो दयानंद. बोलत न्हाई. आत बी येणार न्हाई. हितंच बसू द्या."

पोरगा उंबऱ्याच्या बाहेर बसला. पत्र्याखाली पाय ठेवायचा नाही. त्याला बोलता करायला पुष्कळ लोक येऊन गेले. कोणाच्या हातात बिस्किटं असत, कोणाच्या कॅमेरा. अख्तरीबाईंनी त्याला काहीच विचारलं नाही. त्यांनी एक पाटी घेतली, तिच्यावर *जेवलास?* असं लिहिलं आणि ती उंबऱ्यावर ठेवली. शाळा सुटताना पाटी पुसलेली होती. दुसऱ्या दिवशी तेच. बरेच दिवस तेच.

मग त्यांनी साऱ्या वर्गासाठी एक नियम केला. उंबऱ्यावरची पाटी कोणीही वाचावी, कोणीही पुसावी. पण पुसणाऱ्याने ती मोकळी ठेवायची नाही. काही सुचलं नाही तर टिंब काढावं. मुलांनी पाटीवर मांजरं काढली, एकमेकांना नावं ठेवली. शेवटी एका संध्याकाळी पाटीवर एक टिंब होतं, आणि उंबऱ्याबाहेरचा पोरगा दुसरीकडे बघत होता.

थंडी सरता सरता त्याने पहिलं वाक्य लिहिलं. *सिंधु हाक मारत होती.*

सिंधु त्याची धाकटी बहीण. त्या रात्री अंथरुणावरून दोघांचं भांडण झालं आणि हा रुसून अंगणात जाऊन झोपला. पहाटे घर बसलं. ढिगाऱ्याखालून ती ऊन वर येईपर्यंत दादा, दादा म्हणत होती. हा हाताने दगड काढत होता, आणि दगड कुठे संपतात ते त्याला कळत नव्हतं. हे सगळं पुढे एकेका ओळीने पाटीवर आलं. अख्तरीबाई प्रत्येक ओळ वाचत, त्याच्या देखत पुसत आणि लिहीत, *मी वाचलं.* पुसलेलं परत कोणाला दिसत नाही, एवढ्या एका भरवशावर तो लिहीत होता.

पुढे तो बोलायला लागला. आधी पाढे, मग कविता, मग सगळंच. शिकला, औरंगाबादहून पदवी घेऊन आला. तोवर लातुरात क्लासेसचं पीक आलं होतं. गल्लीगल्लीत इमारती चढत होत्या, आणि हदगावपासून बिलोलीपर्यंतची पोरं डॉक्टर व्हायला तिथे येऊन राहत होती. अशाच एका क्लासात दयानंद चौथ्या मजल्यावर फिजिक्स शिकवू लागला. गळ्यात माईक अडकवून तो दिवसभर बोलायचा. पण त्या पहाटेचं त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. फोनवर तो विषय आला की नुसता श्वास ऐकू यायचा. म्हणून त्यानेच एकदा बाईंना मेल उघडून दिला होता.

"बाई, ही आपली पाटी. पासवर्ड दोघांलाच. लिहायचं, वाचायचं, पुसायचं. पाठवायचं न्हाई. पाठवलं की ते कुठंतरी जातं."

कलीमशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी पोलीस आला, तेव्हा ओसरीवर मुलांची शिकवणी चालू होती. शिपाई तरुण होता. चपला काढाव्यात की नाही, या विचारात तो पायरीवर उभा राहिला.

"आपा, ह्यांला बी साताचा येत न्हाई का?" छोट्या जेबाने विचारलं, आणि सगळी पोरं खिदळली.

"येईल," अख्तरीबाई म्हणाल्या. "तू आठाचा म्हणून दाखव सगळ्यांना, मी आलेच."

चौकीत गुरुलिंग साहेबांनी उठून त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. चाळिशी गाठलेला, जाड मिशीचा माणूस. आवाज चढवणं त्यांना माहीत नसावं, असं बोलणं.

"घाबरू नका बाई. मी पण झेडपीच्याच शाळेतला. फक्त समजून सांगा मला. हा मेल तुम्ही हितं उघडता, तिकडं लातुरात कुणीतरी उघडतं. वर्षानुवर्षं पाठवलेलं एक पण पत्र न्हाई. तुमच्या जागी मी असतो ना, तर मला माझाच संशय आला असता."

"ती आमची पाटी आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पाटीची रीत सांगितली. साहेब ऐकत होते. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर पाल होती. ती हलत नव्हती.

"दुसरा माणूस कोण?"

"दयानंद. माझा विद्यार्थी. लातुरात एका क्लासात शिकवतो."

साहेबांच्या चेहऱ्यावरचा ताण नाव ऐकून जरा सैल झाला. "म्हणजे आपल्यातला... म्हणजे, हिंदू हाय का?"

"भूकंपातला आहे," अख्तरीबाई म्हणाल्या.

साहेबांनी कप खाली ठेवला. "पासवर्ड सांगा. मी हितंच, तुमच्यासमोर बघतो. पाच मिनिटांचं काम."

"पाटी माझ्या एकटीची नाही. त्याला विचारून सांगते."

"बाई, लोक मरून राहिलेत शहरांत."

"मला ठाऊक आहे. म्हणून तर नाही म्हणत नाही. विचारून सांगते म्हणते."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "उद्या दुपारपर्यंत सांगा. त्यानंतर मला वर कळवावं लागंल. मग ते माझ्या हातात राहणार न्हाई. तिकडची माणसं त्याच्या क्लासात जातील, पोरांसमोर उठवतील त्याला. तुम्हाला पटतंय का मी काय म्हणतोय?"

बाईंना पटत होतं. साहेब धमकी देत नव्हते, घडणार ते सांगत होते. 

सकाळच्या पहिल्या गाडीने त्या लातूरला गेल्या. बसस्टँडबाहेर पडल्यापासून भिंती, खांब, गच्च्या, जिकडेतिकडे मास्तरांचेच चेहरे. टाय लावलेले, हाताची घडी घातलेले, हसणारे. चौकातल्या मोठ्या फलकावर चौथा दयानंद होता. टायमध्ये तो कुणीतरी दुसराच वाटत होता.

क्लासची इमारत अरुंद होती आणि उंच होती. जिन्यात चपलांचा खच. वरच्या मजल्याला बांधकाम चालू असावं. वाळू पायाखाली कुरकुरत होती. एक मुलगी पुस्तक छातीशी धरून उतरत होती.

"दयानंद सर कुठे भेटतील ग?"

"दारवाले सर? दारातच भेटतील आजी. ते आतमधी जास्त जातच न्हाईत." ती हसून खाली पळाली.

ते खरंच होतं. चौथ्या मजल्यावरच्या वर्गाचं दार विटेने उघडं अडकवून ठेवलं होतं, आणि दयानंद एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून शिकवत होता. शे-दीडशे मुलं माना खाली घालून लिहीत होती. बाईंना पाहून त्याचं वाक्य अर्ध्यात थांबलं. मग त्याने ते पुरं केलं, मुलांना गणित दिलं आणि बाहेर आला.

"बाई, कुणी वारलं का?"

"नाही रे. खाली चल. उघड्यावर बसू."

चहाच्या गाड्यापाशी लिंबाखाली दोघं बसले. बाईंनी सगळं सांगितलं. सांगून झालं तरी तो बोलला नाही. त्याचा जबडा हलत होता, आवाज येत नव्हता. बाकड्यावर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून त्याने एक टिंब काढलं. मग दुसरं. बाईंनी घाई केली नाही. त्यांनी त्याचा चहा त्याच्या जवळ सरकवला आणि वाट पाहिली, पूर्वी पाहायच्या तशी.

"आपल्यात बॉम्ब न्हाई, बाई," शेवटी तो म्हणाला. "सिंधु हाय. तिला कशाला न्यायचं चौकीत?"

"नाही दिलं तर ते इथे येतील. तू म्हणशील तसं करू. तू नको म्हण, मी त्यांना तोंडावर नाही म्हणून सांगते. मग होईल ते होईल."

त्याने वर, चौथ्या मजल्याच्या खिडक्यांकडे पाहिलं. "द्या. पण क्लासवाल्यांला कळू नये एवढंच बघा. माझ्या पोटात काय हाय ते ह्या पोरांला म्हाईत न्हाई, म्हणून मी त्यांला शिकवू शकतो. ज्याला छताची भीती वाटते त्याच्यापाशी आपलं लेकरू चौथ्या मजल्यावर कोण बसवंल? अन् शिकवणं गेलं तर, बाई..." तो थांबला. "मी पुन्हा उंबऱ्याबाहेर जाईन. ह्या वयात कोण पाटी ठेवणार हाय माझ्यासाठी?"

"पोलिसांनी वाचलेलं पोलिसांपाशीच राहतं," अख्तरीबाई म्हणाल्या. "कायद्याचं काम आहे ते. वाचतील, खात्री करतील, संपेल."

पुसलेलं परत दिसत नाही, हे ज्या आवाजात त्या मुलांना सांगत, तोच आवाज होता. त्याने मान हलवली. त्याने त्यांच्यावर कधी अविश्वास दाखवला नव्हता.

दुपारी चौकीतल्या कम्प्युटरवर त्यांनी स्वतः पासवर्ड टाइप केला. साहेबांनी तो शेजारच्या कागदावर उतरवून घेतला. मसुद्यांच्या जागी एकच ओळ होती. *जेवलास?* खाली दयानंदने अजून काही लिहिलं नव्हतं.

"एवढंच?" साहेब म्हणाले.

"बाकीचं पुसलेलं असतं."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत जराशी दया आली. "बाई, ह्याच्यात पुसलेलं पुसलं जात न्हाई. कचरापेटीत जाऊन पडतं. कुणी ती रिकामी केली तर गोष्ट वेगळी."

त्यांनी एका जागी बटण दाबलं, आणि सगळं वर आलं. पानांमागून पानं. प्रत्येक ओळ, प्रत्येक *मी वाचलं*, सगळ्या *जेवलास?* अख्तरीबाईंना वाटलं, त्यांनी स्वतःच्या हाताने पुसलेल्या साऱ्या पाट्या कोणीतरी गोळा करून ठेवल्या होत्या आणि आज एका पोलिसाच्या टेबलावर मांडल्या होत्या.

साहेब वाचू लागले. सुरुवातीला भराभर, मग सावकाश. एका ठिकाणी ते थांबले आणि त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"मी तेव्हा नवीन भरती होतो," ते म्हणाले. "बंदोबस्ताला तिकडंच होतो. तो वास अजून..." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पण चष्मा पुसला. "माफ करा बाई. ह्याच्यात काही न्हाई. मी तसं लिहून मोकळा होतो. संशयास्पद काही आढळलं न्हाई."

बाईंचे खांदे खाली आले. त्यांनी पिशवी उचलली.

"कोणत्या क्लासात हाय म्हणालात हा पोरगा?"

त्यांनी नाव सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की साहेबांचा हात पुन्हा माउसवर गेला आहे.

"माझी शिवांगी तिथंच हाय," साहेब म्हणाले. "चौथ्या मजल्यावर. दारवाले सर, दारवाले सर करत असते फोनवर."

पंख्याचा आवाज तेवढा येत होता. साहेब मघाचीच ओळ परत वाचत होते. *वर्ग चालू असताना हाक येते. मग थोडा वेळ मी कुठे आहे ते कळत नाही. मी फळ्याकडे तोंड करतो, म्हणजे मुलांना दिसत नाही.* पहिल्यांदा ती त्यांनी पोलीस म्हणून वाचली होती. आता ते बाप म्हणून वाचत होते.

"साहेब," अख्तरीबाई म्हणाल्या, "हे इथल्या इथे राहायला हवं."

"हो, हो. अर्थात," गुरुलिंग साहेब म्हणाले. त्यांची नजर पडद्यावरून हलली नाही.

त्यानंतरच्या दिवसांत पाटीवरच्या ओळी आखूड होत गेल्या. *बाई, शिवांगी नावाची मुलगी यायची बंद झाली.* मग, *तिचे वडील संचालकांना भेटून गेले म्हणे.* मग, *दार बंद ठेवून शिकवा, असं सांगितलं आहे.* मग, *ऑफिसात बोलावलं होतं. चांगलं बोलले. काही दिवस विश्रांती घ्या म्हणाले.*

बाईंनी लिहिलं, *मी येते.* त्यावर एक टिंब आलं.  एवढ्या वर्षांत त्याने नुसतं टिंब काढलं नव्हतं.

त्या पुन्हा लातूरला गेल्या. चौकातला फलक तिथेच होता. चौथ्या चौकटीत टाय तोच होता, घडी घातलेले हात तेच होते. त्यांच्यावर दुसऱ्याच माणसाचा चेहरा आणून चिकटवला होता. घाईत चिकटवल्यामुळे मान थोडी बाजूला सरकली होती. खाली पोरं उसाचा रस पीत उभी होती. वर कोणी बघत नव्हतं.

खोलीची मालकीण केवळाबाई अंगणात तूर पाखडत होती.

"सर गेले की, माय. दिस झाले."

"कुठे गेला?"

"सांगितलं न्हाई. बोलतच नव्हते तर सांगतेत कशाचं? दोन पोलीस येऊन इचारून गेले, कसे राहतेत, रातचे काय करतेत. म्या म्हनलं, काय करतेत? हितं अंगणात बाज टाकून झोपतेत, हिवाळा असो का पावसाळा. त्याच्यात काय गुन्हा हाय का?" तिने सूप खाली ठेवलं. "तवापासून गप झाले. आधी फोन घेईनात, मग माझ्याशी बी बोलंनात. भाकर पायजे का म्हनलं तर खुणंनं सांगायचे. लई गुणाचं लेकरू हो. तुमी कोन त्यांच्या?"

"मी त्याची बाई," अख्तरीबाई म्हणाल्या.

भिंतीला लावून बाज उभी केलेली होती. ती तेवढी तो ठेवून गेला होता. त्याचा फोन बंद होता. चुलत्याला, रामकिशनला फोन लावला तर तो म्हणाला, "हिकडं आला न्हाई. कशापायी, काय झालं बाई?" त्याला काय झालं ते सांगताना बाईंना शब्द सापडेनात.

नांदेडला परतून त्या चौकीत गेल्या. गुरुलिंग साहेबांनी उठून खुर्ची दिली.

"मी कुठं वाईट बोललो बाई? तुमच्यापाशी खोटं बोलणार न्हाई. संचालक माझ्या ओळखीचे. मी एवढंच म्हणलो, की जरा लक्ष ठेवा, माणसाला त्रास हाय. कागदावर काही न्हाई त्याच्याविरुद्ध. तो निर्दोष हाय, मी स्वतः लिहून दिलंय." ते खरोखर दुखावल्यासारखे दिसत होते. "तुम्ही शिक्षिका. तुमची पोरगी असती तर?"

"तुमच्या पोरीला तो छत पडलं तर कुठून पळायचं ते शिकवत होता," अख्तरीबाई म्हणाल्या. "म्हणून दार उघडं ठेवायचा."

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. आत कोणाचा तरी फोन वाजत राहिला.

त्या दिवशी कलीमच्या दुकानात जाऊन बाईंनी शेवटचं टिंब पुसलं आणि लिहिलं, *जेवलास?* मग त्या रोज येऊ लागल्या. मुलांची शिकवणी झाली की पदर डोक्यावरून घेऊन निघायच्या. ओळ तशीच असायची. न वाचलेली, न पुसलेली. त्या थोडा वेळ तिच्यासमोर बसायच्या आणि उठायच्या. कलीम काही विचारायचा नाही. चहा मात्र न सांगता मागवायचा.

आणि एक दिवस ती ओळ नव्हती.

अख्तरीबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "कलीम! अरे, पुसलं! वाचलं त्यानं!"

कलीम धावत आला. पडद्यावर पांढरी जागा होती. "आलंच म्हणायचं मग पोरगं, आपा! अल्लाचे उपकार."

पण बाईंचा हात हवेतच थांबला होता. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. टिंबसुद्धा नव्हतं. पुसून मोकळी ठेवली होती पाटी.

"हा तो नाही," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"दयानंद पाटी मोकळी ठेवत नाही."

कलीमला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्याने नकळत मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. दाराच्या जागी बिजागऱ्यांची भोकं होती. पासवर्ड चौकीतल्या एका कागदावर होता. तो कागद तिथून कोणाकोणाच्या हातात गेला, कोणी सांगू शकलं नसतं.

"आपा, पासवर्ड बदलून टाका. आत्ताच्या आत्ता. मी देतो करून."

"आणि तो आला तर? आत कसा येईल?"

कलीमने माउसकडे नेलेला हात मागे घेतला.

"त्याला हे एकच दार ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "मी ते बंद करू? दुसरं कोणी आत शिरतं म्हणून?"

"मग ते वाचत राहतील की. तुम्ही लिहाल ते सगळं."

"वाचू दे."

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. मग एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत त्या लिहू लागल्या. नव्या मुलाला वर्गाची रीत समजावून सांगताना त्यांचा चेहरा व्हायचा, तसा तो झाला होता.

*ही पाटी वाचणाऱ्या बाळा, तू कोण आहेस ते मला ठाऊक नाही. इथला नियम असा आहे, की पुसणाऱ्याने पाटी मोकळी ठेवायची नाही. काही सुचलं नाही तर टिंब काढावं.*

त्याच्याखाली जागा सोडून त्यांनी आणखी एक ओळ लिहिली. ती लिहिताना त्यांचं बोट अडखळलं नाही.

मग त्या उठल्या. ओसरीवर जेबा नवाचा पाढा घेऊन वाट बघत असणार होती.

कलीम काउंटरमागे जाऊन बसला. समोरच्या पडद्यावर सगळी मशीनं आपापल्या चौकटींत उजळलेली होती. कोणी निकाल बघत होतं, कोणी तिकीट काढत होतं. कोपऱ्यातल्या चौकटीत, रिकाम्या खुर्चीसमोर, शेवटची ओळ अजून तशीच होती. *जेवलास?*

फोटो निघायची वेळ झाली, तशी पडद्याच्या कडेला एक बारीक हिरवी खूण लुकलुकली. कलीमने मान दुसरीकडे वळवली.